एकतालात बेदम तिहाई का बसत नाही

बारा मात्रांचा एकताल धरा. समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, तिहाई उचला, तुकडा मध्ये कुठेही न थांबता सलग तीनदा वाजवा आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा 'धा' बरोबर समेवर आणून टाका. तुकडा हवा तेवढा लांब घ्या, हवी तेवढी आवर्तनं, म्हणजे तालाचे फेरे, खर्च करा. नाही जमणार. हात तयार नाही म्हणून नव्हे. कुठल्याही घराण्याच्या खलिफाला, म्हणजे मुख्य उस्तादाला, बसवलं तरी नाही जमणार.

मी गोव्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवतो, आणि बी.एस्सी.च्या मुलांना भागाकारातल्या बाकीचं अंकगणित शिकवायची वेळ आली की सुरुवात याच प्रश्नाने करतो. पुस्तकं घड्याळापासून सुरुवात करतात: दहा वाजून गेल्यावर पाच तासांनी तीन वाजतात, म्हणजे पंधराला बाराने भागून बाकी तीन. बरोबर आहे, पण त्यात कुणाचं काही अडत नाही. मुलं मान डोलावतात आणि मोबाईलकडे वळतात. तिहाईत मात्र अडतं. आणि अडल्याशिवाय गणिताची गरज कुणाला वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

शिवाय आमच्याकडे ताल वेगळा शिकवावा लागत नाही. चवथीला घरोघरी घुमट, शामेळ आणि कांसाळ्यांवर आरत्या चालतात, श्रावणात वास्कोला दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन खंडत नाही, शिगम्याला ढोल-ताशे असतातच. वर्गात एखाददुसरा पखवाज वाजवणारा निघतो, पेटीवर बोटं फिरवणारे बरेच. चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी, व्हायोलिन शिकलेली मुलंही असतात. त्यांना तिहाई ऐकून माहीत नसते, पण ठोके मोजायची शिस्त त्यांची इतरांपेक्षा पक्की. त्यामुळे बाकावर थाप मारत मोजायचं काम मी बहुधा त्यांच्याकडेच देतो.

आधी तिहाई म्हणजे काय ते नीट बघू. बोलांचा एक तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा घाव समेवर पाडायचा, एवढंच. तुकड्यांच्या मधे थोडं थांबलं की तिला दमदार म्हणतात, न थांबता वाजवली की बेदम. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून उचललेली अगदी ओळखीची तिहाई घ्या. तुकडा पाच मात्रांचा: तिट, कत, गदि, गन, धा. मग एक मात्रा दम. आता बोटांवर मोजत चला. पहिला 'धा' पाचव्या मात्रेला पडतो, सहावी रिकामी. सातवीला पुन्हा तिट, अकरावीला दुसरा 'धा', बारावी रिकामी. तेराव्या मात्रेपासून तिसरा तुकडा सुरू होतो: तेरा तिट, चौदा कत, पंधरा गदि, सोळा गन. इथे आवर्तन संपलं. आणि 'धा' पडतो सतराव्याला, म्हणजेच पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला. हीच सम.

बेरीज करून बघा. पाचाचे तीन तुकडे पंधरा, एकेका मात्रेचे दोन दम, एकूण सतरा. सोळा नव्हे, सतरा. नव्याने मोजायला बसणारे हमखास इथेच घसरतात. आवर्तन सोळाचं म्हणून सोळाच्या हिशेबात तुकडे पाडतात आणि 'धा' समेच्या एक मात्रा आधी पडतो. समेपासून निघून समेवर यायचं, तर निघतानाची सम आणि पोचतानाची सम अशा दोन्ही मोजाव्या लागतात. म्हणून नियम असा: तिहाईची एकूण लांबी अशी हवी, की तिला तालाच्या मात्रांनी भागलं असता बाकी एक उरेल. तालाची आवर्तनं किती गेली याच्याशी देणंघेणं नाही. सतरा चालेल, तेहतीस चालेल, एकोणपन्नास चालेल. तिघांनाही सोळाने भागलं की बाकी एकच.

गणितात याला मोठं नाव आहे आणि त्यावर जाडजूड ग्रंथ आहेत, पण मूळ कल्पना एवढीच. संख्या केवढी आहे हे विसरायचं आणि फक्त बाकी बघायची.

आता बेदम तिहाईकडे या. दम नाही, म्हणजे एकूण लांबी ही तुकड्याची बरोब्बर तिप्पट. म्हणजे तिला तीनने नि:शेष भाग गेलाच पाहिजे. आणि तालाने भागल्यावर बाकी मात्र एक हवी. या दोन अटी एकाच वेळी पुऱ्या करायच्या. गंमत अशी, की सगळा निकाल एका गोष्टीवर लागतो: तालाच्या मात्रांना तीनने भागलं तर बाकी किती?

आमच्या भजनातला आठ मात्रांचा ठेका घ्या. आठाला तीनने भागून बाकी दोन. त्यात एक मिळवला की नऊ, आणि नऊ तिनात बसतात. म्हणजे तीन मात्रांचा तुकडा, एकाच आवर्तनात काम फत्ते: तिट कत धा, तिट कत धा, तिट कत धा. पखवाजवाल्या पोराने हे बाकावर वाजवून दाखवलं की सगळ्यांना ओळखीचं वाटतं, कारण कुठल्या ना कुठल्या देवळात ते ऐकलेलं असतं. चौदा मात्रांच्या धमारचं किंवा दीपचंदीचं तेच. चौदा अधिक एक पंधरा, तुकडा पाचाचा.

रूपक सातचा, झपताल दहाचा, तीनताल सोळाचा. या तिघांना तीनने भागून बाकी एक उरते. त्यामुळे एका आवर्तनात बेदम बसत नाही: आठ, अकरा, सतरा यांपैकी एकही तिनाच्या पाढ्यात नाही. पण दोन आवर्तनं घेतली की बसते. रूपकात चौदा अधिक एक पंधरा, तुकडा पाचाचा. झपतालात एकवीस, तुकडा सातचा. तीनतालात तेहतीस, तुकडा अकराचा. तबला शिकणाऱ्याला अकराचा तुकडा गुरुजी पाठ करून घेतात. तो अकराचाच का, हे बहुधा कुणी विचारत नाही. आणि नाही विचारलं तरी बिघडत नाही, वाजतो छान.

राहिला एकताल. बारा. तीनने भागून बाकी शून्य. इथेच घोडं अडतं. एक आवर्तन घ्या, दोन घ्या, शंभर घ्या. बाराच्या पटीला तीनने भाग जाणारच. त्यात एक मिळवला की जी संख्या येते तिला तीनने कधीच भाग जाणार नाही. तेरा, पंचवीस, सदतीस, एकोणपन्नास. एकही तिनाच्या पाढ्यात सापडणार नाही.

मी हे फळ्यावर लिहून देत नाही, आधी मुलांना प्रयत्न करू देतो. एकजण ठेका म्हणतो: धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. दुसरा समेपासून तुकडे टाकतो. तीन मात्रांचा तुकडा घेतला, तर शेवटचा घाव नवव्या मात्रेवर, 'धागे'वर. चाराचा घेतला तर बाराव्यावर, 'ना'वर. समेच्या अगदी दारात, पण आत नाही. पाचाचा घेतला तर सम ओलांडून पुढच्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर, पुन्हा 'धागे'. सहाचा घेतला तर सहाव्यावर, 'ना'. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की घाव कायम तिसऱ्या, सहाव्या, नवव्या नाहीतर बाराव्या मात्रेवरच पडतोय. ठेक्यातला 'धागे' किंवा 'ना', दुसरं काही नाहीच. 'सर, हें बसचें ना,' असं मागच्या बाकावरून कोकणीत ऐकू आलं की मी समजतो, आता सिद्धता सांगायला हरकत नाही. ती ऐकायच्या आधीच त्यांना पटलेली असते.

हुशार मुलं इथे एक पळवाट काढतात. मात्रा अर्धी केली तर? दुगुनीत वाजवलं तर? चांगला प्रश्न आहे, कारण ख्यालाच्या विलंबित एकतालात तबलजी मात्रेचे चार-चार भाग करूनच विचार करतो. पण दुगुनीत आवर्तन चोवीस घरांचं होतं, चौगुनीत अठ्ठेचाळीस घरांचं. पंचवीस आणि एकोणपन्नास, दोन्ही तिनाच्या बाहेर. कितीही बारीक किसा, बारातला तीन काही जात नाही. 'धा'च लांबवला, त्याला तीन घरं दिली, तर मात्र बसतं. पण तशी दोन घरं 'धा'च्या मागे गप्प राहिली की तो दमच झाला, बेदम कुठे राहिली?

मग तबलजी काय करतात? अर्थातच वाट काढतात, आणि ती वाट गणितात बघितली तर चोख आहे. एक मार्ग दम घालण्याचा. पण कुठलाही दम चालत नाही; समेपासून उचललेल्या तिहाईत एकतालात दम दोन मात्रांचा हवा, नाहीतर पाचाचा, आठाचा. एक किंवा तीन मात्रांचा दम घेऊन बघा, पुन्हा फसाल. तीन मात्रांचा तुकडा आणि दोन मात्रांचा दम: नऊ अधिक चार तेरा, आली सम. दुसरा मार्ग समेपासून न उचलण्याचा. दुसऱ्या मात्रेपासून उचला, तुकडा चाराचा घ्या. किंवा पाचवीपासून तिनाचा, आठवीपासून दोनाचा, अकरावीपासून एकेका मात्रेचा. सगळ्या बेदम बसतात. दोन, पाच, आठ, अकरा. मात्रा न तोडता उचलायला या चारच जागा, आणखी एकही नाही. सहा मात्रांच्या दादऱ्याचं हेच, तिथे दोन आणि पाच. ज्यांनी हे कधी कागदावर मांडलं नाही असे वादकही नेमके याच जागांवरून उचलतात. कानाला सवयीने कळतं, गणिताला कारण कळतं, आणि दोघांचं उत्तर एकच येतं, हे बघायला मला अजून मजा वाटते.

शाळेत गणित म्हणजे उत्तर काढणं असा समज होतो. खरं तर गणिताची वेगळी ताकद 'हे कधीच होणार नाही' असं छातीठोक सांगण्यात आहे. हजार वेळा करून जमलं नाही, यावरून एक हजार एकाव्या वेळी जमणार नाही असं दुसरं कुठलंही शास्त्र इतक्या खात्रीने म्हणू शकत नाही. एकतालाच्या बेदम तिहाईला मात्र एकदाही हात न लावता निकाल देता येतो.

संगीतातून गणित शिकवणारा मी काही जगावेगळा नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातले मंजुल भार्गव, ज्यांना २०१४ साली फील्ड्स पदक मिळालं, ते स्वतः तबला वाजवतात. झाकीर हुसेन यांच्याकडेही शिकले आहेत. ते आपल्या व्याख्यानांत छंदांचं एक उदाहरण आवडीने देतात. एक मात्रेचा लघु आणि दोन मात्रांचा गुरू, एवढंच हाताशी असताना ठरावीक मात्रा किती प्रकारे भरता येतील? शेवटी लघु असेल तर त्याआधी एक मात्रा कमी भरायची, गुरू असेल तर दोन कमी. म्हणून प्रत्येक उत्तर हे मागच्या दोन उत्तरांची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३, २१. सोळा मात्रांपर्यंत गेलात की १५९७ प्रकार होतात. आपल्याकडे छंदांवर लिहिणाऱ्या विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने हे मांडलं; ज्याच्या नावाने ही रांग आज ओळखली जाते त्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. उदाहरण सुरेखच आहे, मीही घेतो, पण माझ्या मुलांना वृत्तांपेक्षा ठेका जवळचा. त्यामुळे वेळ कमी असला की मी हेमचंद्राला वगळतो आणि एकताल ठेवतो.

आता दोन ताल एकत्र चालवले तर? डाव्या हाताने झपताल, उजव्याने तीनताल, दोन्ही एकाच समेपासून आणि एकाच लयीत. पुन्हा दोन्ही समा एकत्र केव्हा येतील? सातवीतला लसावि इथे कामी येतो. दहा आणि सोळाचा लसावि ८०. म्हणजे तीनतालाची पाच आवर्तनं, झपतालाची आठ. एकताल आणि तीनताल लवकर भेटतात, ४८ मात्रांत, कारण बारा आणि सोळात चार सामाईक आहे. रूपक आणि तीनतालात सामाईक काहीच नाही; त्यांना थेट ११२ मात्रा लागतात. आमच्या गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हात, पाय आणि तोंड यांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी चालवून सगळ्यांची सम एकत्र पकडत, असं जुनी मंडळी सांगत आली. वर्गात दोन मुलांना दोन ताल देऊन हा प्रयोग करायला सांगितला, तर रूपक-तीनतालात ११२ पर्यंत पोचायच्या आत कुणीतरी हसतं आणि सगळं कोसळतं. एका माणसाने ते धरून ठेवायचं म्हणजे काय, हे तेव्हा कळतं.

तालात आडवा आलेला तीन सुरातही आडवा येतो. हा भाग मला तिहाईपेक्षाही आवडतो, फक्त तो शिकवायला वर्गात पेटी आणि तानपुरा दोन्ही लागतात.

सा आणि तार सा यांच्यात कंपनांचं प्रमाण एकास दोन. सा आणि पंचमाचं दोनास तीन. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर तार सा ४८०, पंचम ३६०. आता पंचमाचा पंचम, त्याचाही पंचम, असं चढत जा. सा, प, रे, ध, ग करत पेटीतल्या सगळ्या बारा पट्ट्यांना स्पर्श होतो आणि बाराव्या उडीला आपण परत सा वर येतो, सात सप्तकं वर. निदान पेटीवर तसंच दिसतं. हिशेब करा. दीडला बारा वेळा स्वतःशी गुणलं तर १२९.७५ च्या आसपास येतं. सात सप्तकं म्हणजे दोनचा सातवा घात, १२८. जुळत नाही. सप्तकं उतरवून खाली आणलं, तर २४० च्या जागी २४३ हून किंचित वरचा सा मिळतो. चांगला कानाला टोचेल एवढा वर.

बारा उड्यांऐवजी जास्त मारल्या तर? नाही. तीन कितीही वेळा स्वतःशी गुणा, विषम संख्याच येणार. दोन कितीही वेळा गुणा, समच येणार. त्या दोघी कधीच एक होणार नाहीत. पंचमांची साखळी सा वर येऊन मिटणं अशक्य आहे, आणि कारण एकतालाच्या कारणाइतकंच साधं. जवळपास मात्र येता येतं. बारा उड्यांना फरक दीड टक्क्याच्या आत येतो. ५३ उड्या मारल्या तर पाव टक्क्याच्याही आत. पण सप्तकाला ५३ पट्ट्यांची पेटी वाजवणार कोण?

म्हणून बारा पट्ट्याच ठेवल्या आणि उरलेली खोट सगळ्यांनी सारखी वाटून घेतली. शेजारच्या दोन पट्ट्यांत कायम तेच प्रमाण, सुमारे १.०५९५; बारा वेळा गुणलं की बरोब्बर दोन. यात पंचमाचं फारसं नुकसान होत नाही, ३६० ऐवजी ३५९.६. गंधार मात्र मार खातो. शुद्ध गंधार ३०० ला हवा, पेटीचा येतो ३०२.४ ला.

हे ऐकून बघायचं असेल तर तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची तार, छेडा. तार १२० ची असेल तर तिच्यातूनच पाचपट, म्हणजे ६०० चा गंधार आपोआप उमटतो. याच स्वयंभू गंधाराचं गवयी एवढं कौतुक करतात. त्याच वेळी पेटीवर तार सप्तकातला गंधार हळूच दाबून धरा. तो आहे ६०४.८ ला. दोन्ही स्वर एकमेकांवर घासतात आणि आवाज सेकंदाला जवळजवळ पाच वेळा कमी-जास्त होत राहतो. पंचमावर हेच केलं तर आवाज बराच स्थिर राहतो. कॉयरमधल्या मुलांना हा फरक ऐकवला की त्यांना धक्का बसतो, कारण कीबोर्डवरचा स्वर तो खरा, अशी त्यांची समजूत असते. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं, ते १९७१ मध्ये उघडलं. पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघत नाही हा तिच्यावरचा एक आरोप होता, स्वर खरे नाहीत हा दुसरा. दुसऱ्या आरोपात तथ्य होतं, पण शिक्षा जरा जास्तच झाली असं माझं मत. बोरीच्या तुळशीदास बोरकरांची संवादिनी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यावरही वाट काढलेली आहेच. जाणकार कारागीर पेटीचे सूर किंचित घासून गंधार ट्यूनिंग करून देतात: एक सा पक्का धरायचा आणि बाकीचे स्वर त्याच्याशी नैसर्गिक प्रमाणात लावायचे. गंधार ३०० वर येतो, घासणं थांबतं. पण ही पेटी त्या एकाच सा ची, म्हणजे एकाच पट्टीची होते. काळी एकला लावलेली पेटी पांढरी चारच्या गायकासमोर ठेवली, तर आधी सगळ्यांत वाटलेली खोट आता नेमकी दोन-तीन पट्ट्यांवर येऊन साचते आणि साध्या पेटीपेक्षाही वाईट वाजते. त्यामुळे पुरुष आणि बाई दोघांच्या साथीला बसणारा वादक दोन पेट्या घेऊन येतो. एकच असली तर साध्या ट्यूनिंगची आणतो, पंचमावर हवा तेवढा भाता मारतो, आणि गायक गंधारावर थांबला की स्वतःचं बोट उचलून घेतो.